प्रथिनांचा हिशेब एका ताटावर मांडू नका

पत्र

माझे बाबा 66 वर्षांचे आहेत. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. दर 21 दिवसांनी सलाइनमधून ऑक्सॅलिप्लॅटिन आणि त्याच दिवसापासून 14 दिवस कॅपेसिटॅबिनच्या गोळ्या. दोन सायकल झाल्या. चार महिन्यांपूर्वी ऑपरेशनच्या आधी वजन 64 किलो होतं, आता 58 आहे. डॉक्टर म्हणाले, प्रथिनं वाढवा, दिवसाला 70 ग्रॅम तरी पोटात जायला हवीत. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. बाबा अंडी खातात, मांस-मासे खात नाहीत. आई दिवसातून चार वेळा उकडलेली अंडी आणि डाळ घेऊन समोर बसते. ते ताट सरकवतात, मग ती रडते आणि ते चिडतात. आत्या म्हणते, प्रथिनांनी गाठ वाढते आणि साखरेनंही, दोन्ही बंद करा. काकांनी व्यायाम करणारी मुलं घेतात तसल्या प्रोटीन पावडरचा मोठा डबा आणून ठेवलाय. त्यात परवाच्या रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन 3.1 आलं, पांढऱ्या पेशीही कमी आल्या. आम्ही नीट खाऊ घालत नाही म्हणून हे होतंय का? आणि 70 ग्रॅम भरायचे तरी कसे?

एक मुलगी

उत्तर

तुमच्या दोन प्रश्नांपैकी पहिला आधी घेते, कारण तो घरातल्या प्रत्येकाच्या मनात असणार आणि कुणी तोंडावर आणत नसणार.

पांढऱ्या पेशी कमी झाल्या त्या तुमच्या स्वयंपाकामुळे नाही. केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतं. कॅन्सरच्या पेशी त्यात सापडतात, तशा हाडांच्या मज्जेतल्या रक्त तयार करणाऱ्या पेशीही सापडतात आणि तोंडाच्या, आतड्याच्या अस्तराच्याही. म्हणून सलाइननंतर साधारण 7 ते 14 दिवसांत काउंट तळाला जातो आणि मज्जा सावरली की आपोआप वर येतो. दोन अंडी जास्त खाल्ल्यानं तो चढत नाही आणि एक कमी खाल्ल्यानं कोसळतही नाही. फारच खाली गेला तर त्यावर इंजेक्शन असतं. ते द्यायचं की नाही हे डॉक्टर बघतील.

अल्ब्युमिनची गोष्ट थोडी वेगळी. ते प्रथिन आहे आणि रक्तात मोजता येतं, म्हणून ते कमी आलं की सगळे अंड्याच्या पांढऱ्या बलकाकडे धावतात. पण अल्ब्युमिन यकृतात तयार होतं, आणि शरीरात दाह चालू असला, मग तो आजाराचा असो, ऑपरेशनचा असो किंवा संसर्गाचा, की यकृत ते कमी बनवायला लागतं. खाणं उत्तम असलेल्या माणसाचंही अल्ब्युमिन अशा वेळी उतरतं. शिवाय ते रक्तात बरेच दिवस टिकून राहतं, त्याचं अर्धं आयुष्य सुमारे 20 दिवसांचं, म्हणजे आज असलेल्यातलं निम्मं संपायला तेवढे दिवस लागतात. या आठवड्यात खाल्लेलं पुढच्या आठवड्याच्या रिपोर्टमध्ये दिसेल ही अपेक्षाच चुकीची. 3.1 हा आकडा आजाराबद्दल काहीतरी सांगतो, तुमच्या स्वयंपाकघराबद्दल फारसं नाही. तेव्हा दर वेळी रिपोर्ट उघडून आईच्या चेहऱ्याकडे बघणं थांबवा.

खाण्याबद्दल खरं सांगणारा आकडा तुमच्या पत्रात आहे, पण तुम्ही तो जाता जाता लिहून पुढे गेलात. 64 वरून 58. म्हणजे वजनाचे 9 टक्क्यांहून जास्त गेले. कॅन्सरमध्ये 6 महिन्यांत 5 टक्क्यांपेक्षा जास्त वजन आपोआप घटलं तर ते गंभीरपणे घ्यायचं असतं. त्यात जातं ते फक्त चरबीचं वजन नसतं, स्नायूही जातात. आणि इथे स्नायू म्हणजे दंडाची गोलाई नव्हे. खुर्चीतून उठणं, खोकून छातीतला कफ बाहेर काढणं, संडासात स्वतःच्या पायांनी जाणं हे सगळं त्यावर चालतं. केमोचा डोस उंची आणि वजनावरून काढतात. त्या वजनात स्नायू किती आणि चरबी किती हे त्या गणिताला कळत नाही. स्नायू कमी असलेल्या रुग्णांना तोच डोस जास्त बाधतो, मग तो कमी करावा लागतो किंवा पुढे ढकलावा लागतो, हे अभ्यासांमधून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. डॉक्टरांचा प्रथिनांवर जोर आहे तो यासाठी. ते काही उगाच बोलले नाहीत.

70 हा आकडाही हवेतला नाही. निरोगी प्रौढ माणसाला किलोमागे साधारण 0.8 ग्रॅम प्रथिनं पुरतात. कॅन्सरच्या रुग्णांसाठी युरोपातल्या एस्पेन या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेनं 2017 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं छापली, त्यांत किलोमागे 1 ग्रॅमच्या वर आणि जमल्यास 1.5 ग्रॅमपर्यंत जावं असं म्हटलं आहे. बाबांच्या 58 किलोला 1.2 नं गुणलं की 70 येतात, 1.5 नं गुणलं तर 87. तुमच्या डॉक्टरांनी मधला, झेपेल असा आकडा धरला आहे.

पण त्याच तत्त्वांमध्ये आणखी एक आकडा आहे आणि तो तुमच्या घरात कुणी उच्चारलेला दिसत नाही: किलोमागे 25 ते 30 कॅलरी. बाबांसाठी दिवसाला 1450 ते 1740. हा आकडा सोडून नुसत्या 70 ग्रॅमच्या मागे लागलं की काय होतं बघा. पोटात दोन अंडी आणि वाटीभर डाळ गेली, बाकी काही नाही. आता शरीराला दिवसभर चालायला इंधन हवं, ते येणार कुठून? मग ते त्याच प्रथिनांची मोडतोड करून त्यांतून ऊर्जा काढतं. सरपण संपलं म्हणून घरातले पाट-चौरंग चुलीत घालावेत, त्यातला प्रकार. एवढ्या कष्टानं भरवलेलं अंडं स्नायूपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून आईला सांगा, डाळीत वरून चमचाभर तेल किंवा तूप घाल, 5 ग्रॅमला 45 कॅलरी मिळतात आणि पोटात जागाही लागत नाही. दूध साय काढलेलं नको, सायीसकट दे. एरवी डॉक्टर जे कमी करायला सांगतात, ते सध्या बाबांच्या भल्याचं आहे. मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल तर मात्र हे आधी विचारून घ्या. पत्रात तसा उल्लेख नाही.

आत्यांचं म्हणणं इथेच निकालात काढू. गाठीला प्रथिनं लागतात हे खरं आहे, साखर लागते हेही खरं. ऑटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञानं 1920 च्या दशकातच दाखवलं होतं की कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज भरमसाट वापरतात. पेट (PET) स्कॅन या तपासणीत गाठ उजळून दिसते ती याच सवयीमुळे. पण त्यावरून आत्या जो निष्कर्ष काढतात तो निघत नाही. तुम्ही खायला दिलं नाही तर गाठ उपाशी बसत नाही, ती रक्तातून घेते. आणि रक्तातला पुरवठा कायम ठेवायला शरीर स्वतःचे स्नायू मोडतं. उपास घडतो तो बाबांना. खाऊ घातल्यानं गाठ फोफावते असं माणसांवरच्या अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही, आणि वजन घटणाऱ्या रुग्णाला उपास किंवा अन्नगट तोडणारे आहार देऊ नयेत असंच तज्ज्ञ सांगतात. आत्यांशी वाद घालायची गरज नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं आहे एवढं सांगा आणि विषय बदला. लेखी कागदाचा वडीलधाऱ्यांवर चांगला परिणाम होतो, हा माझा अनुभव.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही रोज 70 ग्रॅम भरायचे असं धरलंय आणि तिथेच सगळं बिनसतंय. केमोचे 21 दिवस एकसारखे नसतात. सलाइननंतरचे पहिले चार-पाच दिवस पोटात ढवळतं, तोंडाला चव नसते, वास सहन होत नाहीत, अन्नावरची वासनाच उडालेली असते. त्या दिवसांत 70 ग्रॅम मागणं म्हणजे तापानं फणफणलेल्या माणसाला जिना चढायला लावणं. त्यानंतर हळूहळू भूक परतते आणि सायकलच्या शेवटच्या आठवड्यात, गोळ्याही थांबलेल्या असताना, बहुतेकांना बरंच बरं वाटतं. हे दिवस ओळखा आणि त्यांचा उपयोग करा. पहिले 5 दिवस रोज 40 ग्रॅम गेले आणि उरलेले 16 दिवस 80, तर एकूण 1480 होतात आणि सरासरी काढली की दिवसाला 70 निघतात. डॉक्टरांचा आकडा पुरा झाला आणि एकाही दिवशी भांडण लागलं नाही.

यात एक पाचर आहे, ती लपवत नाही. चरबी साठते तशी प्रथिनांची कोठी शरीरात नसते. आजचे जास्तीचे उद्यासाठी बाजूला ठेवता येत नाहीत. म्हणून वाईट दिवसांत शून्यावर उतरायचं नाही, 40 ची ओंजळ तरी भरायची. आणि चांगल्या दिवसांत स्नायू पुन्हा बांधायची संधी असते, तेव्हा 80 मागे घ्यायचे नाहीत.

वाईट दिवसाचे 40 असे जुळतात. दोन पेले दूध, मिळून 400 मिली, त्यातून 13 ग्रॅम. त्यात स्किम्ड मिल्क पावडर 20 ग्रॅम मिसळली की आणखी 7. पेला तेवढाच राहतो, प्रथिनं दीडपट होतात. मला ही युक्ती सगळ्यात जास्त आवडते, कारण रुग्णाला जास्त काही गिळावं लागत नाही. एक अंडं 6, दह्याची वाटी 5, आणि जे काही थोडं धान्य पोटात जाईल त्यातून 8. झाले. यात चावायला जवळपास काहीच नाही, हे लक्षात घ्या. दूध एका दमात प्यायला देऊ नका, अर्धा-अर्धा पेला करून दिवसभरात संपू द्या.

चांगल्या दिवसाचे 80 गाठायला तेच पावडरचं दूध 20, दोन अंडी 12, दही 5, डाळ किंवा कडधान्य कोरडं मोजून 50 ग्रॅम म्हणजे 11 ते 12, पनीर 50 ग्रॅम म्हणजे 9, शेंगदाणे किंवा बदाम मूठभर, 30 ग्रॅम, त्यातून 7, आणि दिवसभराच्या धान्यातून 15. कडधान्याचं वजन कोरडं धरा, नाहीतर फसगत होते: 100 ग्रॅम कोरड्या डाळीत 22 ते 24 ग्रॅम प्रथिनं असतात, पण शिजून पाण्यानं फुगलेल्या 100 ग्रॅममध्ये 9 च्या आसपास, आणि पातळ केलेल्या डाळीच्या वाटीत त्याहूनही कमी. डाळ दिवसातून चार वेळा दिली जाते आणि वजन तरी घटतं याचं एक कारण इथे असू शकतं. डाळ घट्ट करा. सोयाबीन चालत असेल तर त्यात डाळीच्या दीडपट प्रथिनं असतात.

आता थंडाव्याबद्दल, आणि हे नीट वाचा, कारण इंटरनेटवर जे वाचाल ते बाबांना लागू नाही. मळमळ होत असली की थंड पदार्थ द्या, त्यांना वास कमी येतो, हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि बहुतेक केमोमध्ये तो बरोबर आहे. ऑक्सॅलिप्लॅटिनमध्ये नाही. या औषधानंतर काही दिवस नसा थंडीला इतक्या हळव्या होतात की गार पाण्याच्या घोटानं घसा आवळल्यासारखा वाटतो, श्वास अडकल्याचा भास होतो, फ्रिजमधल्या बाटलीला हात लावला तरी बोटांत मुंग्या येतात. बाबा दही नको म्हणत असतील तर आधी हे तपासा, दही फ्रिजमधून थेट ताटात येत होतं का? वास टाळायचा असेल तर पदार्थ गार न करता कोमट होऊ द्या, झाकण दुसऱ्या खोलीत काढा, स्वयंपाक चालू असताना बाबांना लांब बसवा.

उकडलेल्या अंड्याबद्दल मला बाबांची बाजू घ्यायची आहे. अंडं उकडलं की त्यातून गंधकाचा वास सुटतो आणि केमोतल्या नाकाला तो दहापट वाटतो. तेच अंडं फेटून उकळत्या सुपात किंवा खिरीत घातलं, दुधात शिजवून कस्टर्ड केलं, पिठात मळलं, तर वास राहत नाही आणि सहा ग्रॅम मात्र पोटात जातात. फक्त ते पूर्ण शिजायला हवं. कच्चं अंडं दुधात फेटून देण्याची जुनी पद्धत या काळात अजिबात नको. पांढऱ्या पेशी कमी असताना कच्च्या अंड्यातून येणारा साल्मोनेला हा जंतू साध्या पोटदुखीवर थांबत नाही. त्याच कारणानं न तापवलेलं दूध नको आणि कच्ची मोड आलेली कडधान्यंही नकोत. मोड आणा, पण शिजवा. बाकी फळं-भाज्या बंद करायची गरज नसते, स्वच्छ धुऊन, सोलून द्या.

तोंडात धातूची चव येते अशी तक्रार असेल तर स्टीलचा चमचा बदलून लाकडी किंवा प्लास्टिकचा द्या. क्षुल्लक वाटतं, पण अनेकांना फरक पडतो. तोंड आलं असेल तर आंबट, तिखट, खरखरीत काही नको. पदार्थ मऊ करा, आणि जेवणाआधी कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि खाण्याचा सोडा घालून चुळा भरू द्या. जुलाब लागले तर दूध काही दिवस थांबवून बघा, आतड्याचं अस्तर दुखावलं की दुधातली साखर पचेनाशी होते. दही मात्र बऱ्याचदा चालतं. आणि उलटीची गोळी जेवण समोर आल्यावर नाही, अर्धा तास आधी. त्यातल्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, आणि पोट साफ नसलं की भूक मरते. बाबा ताट सरकवतात त्यामागे हेही असू शकतं. स्पष्ट विचारा, लाजू नका.

कॅपेसिटॅबिनची गोळी जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायची असते, सकाळी आणि संध्याकाळी. म्हणजे ही दोन जेवणं तशीही ठरलेलीच आहेत. सगळा जोर त्यांवर लावा. बऱ्याच रुग्णांना सकाळी भूक बरी असते, मग दिवस चढेल तशी ती मावळते. पोटभर नाश्ता झाला तर दुपारचं जेवण राहिलं तरी चालेल, मधेमधे मूठभर काहीतरी चालू ठेवा. जेवताना पाणी कमी, जेवणांच्या मध्ये जास्त.

काकांच्या डब्याबद्दल. पावडरला माझा विरोध नाही, पण ती अन्नाला पर्याय म्हणून नको, अन्न कमी पडतंय तिथे भर म्हणून हवी. आणि रुग्णांसाठीची पावडर आणि व्यायाम करणाऱ्यांची पावडर यांत फरक आहे. दुसरीत प्रथिनं भरपूर पण कॅलरी नावाला, म्हणजे वर सांगितलेली सरपणाची अडचण तशीच. शिवाय तिच्यात काय काय मिसळलंय याची खात्री नसते: वनस्पतींचे अर्क, उत्तेजकं, जीवनसत्त्वांचे मोठे डोस. आणि बाबांच्या बाबतीत एक खास धोका आहे. फॉलिक अॅसिड पूरक म्हणून घेतलं तर कॅपेसिटॅबिनचे दुष्परिणाम वाढतात, जुलाब आणि तोंड येणं हे विशेष. अनेक पावडरींत आणि मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्यांत ते घातलेलं असतं. जेवणातल्या पालेभाज्यांची भीती नको, प्रश्न डब्यातल्या आणि गोळीतल्या डोसचा आहे. डबा उघडू नका, लेबलचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. काकांनी मायेनं आणलाय, तेव्हा परत करताना तेवढं जपा.

लेबल दाखवताना क्रिएटिनिनही, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, विचारून घ्या. मूत्रपिंड नीट काम करत असेल तर 70-80 ग्रॅम प्रथिनांनी त्याला काही होत नाही. आधीपासून विकार असेल तर आकडा वेगळा निघतो आणि तो घरी बसून ठरवायचा नसतो.

एक गोष्ट राहिली, जी खाण्याची नाही पण तिच्याशिवाय खाल्लेलं वाया जातं. अंथरुणावर पडून राहिलेल्या माणसाचे स्नायू प्रथिनं मिळूनही उतरतात. वय झालेल्या निरोगी माणसांना 10 दिवस अंथरुणावर ठेवून पाहिलेल्या एका प्रयोगात त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो स्नायू गेले होते, आणि त्यांना तर कुठलाही आजार नव्हता. चांगल्या दिवसांत बाबांना जेवणानंतर घरात चार फेऱ्या मारू द्या, खुर्चीतून हात न टेकता पाच-सात वेळा उठू-बसू द्या, दिवसातून दोनदा. स्नायूला काम दिलं तरच तो प्रथिनं उचलतो, आणि साठी ओलांडल्यावर तर जास्तच. चक्कर येत असेल, हिमोग्लोबिन फार खाली असेल तर विचारून करा.

आईबद्दल तुम्ही फक्त एक वाक्य लिहिलंय, पण मला वाटतं पत्र त्यासाठीच आहे. ताटासमोर बसून घास मोजणं आधी थांबवायला हवं. केमोतल्या माणसाला भूक नसणं हा हट्ट नसतो. दाहामुळे मेंदूतला भुकेचा संकेतच दबलेला असतो. त्याला "माझ्यासाठी एक घास" म्हटलं की तो घास प्रथिन राहत नाही, परतफेड होते. आईला दुसरं काम द्या. तिनं बनवावं, छोट्या वाटीत हाताशी ठेवावं आणि खोलीतून बाहेर पडावं. अर्ध्या तासानं वाटी उचलावी, जेवढं गेलं तेवढं गेलं, त्यावर बोलणं नाही. हिशेब तुम्ही वहीत लिहा, बाबांच्या समोर नाही. आणि बाबांना रोज सकाळी विचारा की आज काय जाईल असं वाटतं. सलग तीन दिवस नुसतं कस्टर्ड म्हणाले तर कस्टर्ड. काय खायचं ते त्यांचं त्यांनी ठरवू दे, आजारात त्यांच्या हातात फार थोडं उरलंय.

वजन आठवड्यातून एकदा करा, एकाच वेळी, त्याच काट्यावर, रोज नको. पायांवर सूज असेल किंवा पोट फुगलेलं असेल तर काटा खोटं बोलतो, पाणी वजनात धरलं जातं आणि स्नायू गेल्याचं दिसत नाही. केमोबरोबर दिलेल्या स्टेरॉइडनंही दोन-तीन दिवस भूक आणि वजन वर जातं, त्यावर विसंबू नका.

पुढच्या सायकलला जाताना ही वही, वजनाचे आकडे आणि पावडरच्या लेबलचा फोटो घेऊन जा आणि रुग्णालयात आहारतज्ज्ञ असतील तर डॉक्टरांना सांगून त्यांची भेट मागा. एवढं करूनही बाबांचं खाणं एक-दोन आठवडे गरजेच्या 60 टक्क्यांखाली राहिलं, किंवा जवळजवळ आठवडाभर काहीच जात नसेल, तर नळीतून आहार देण्याचा विषय स्वतःहून काढा. घरच्यांना तो शब्द ऐकला की शेवट जवळ आल्यासारखं वाटतं. तसं नसतं, पुष्कळदा तो केमो पुरी करण्यापुरता काही आठवड्यांचा टेकू असतो. पाच-सहा दिवस काहीच न खाल्लेल्या माणसाला एकदम भरपूर देऊ नका, रक्तातले क्षार धोकादायकरीत्या घसरू शकतात. सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोड्या-थोड्यानं. आणि ताप 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइटला पोहोचला, किंवा दिवसभरात नेहमीपेक्षा 4 खेपा जास्त शौचाला जावं लागलं, किंवा जुलाबासाठी रात्री उठावं लागलं, तर त्या दिवशी प्रथिनांचा विचार बाजूला ठेवा. सकाळची वाट न पाहता रुग्णालयात फोन करा आणि कॅपेसिटॅबिनची पुढची गोळी ते सांगेपर्यंत देऊ नका.